पियानोवर मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह आणि शार्प फाइव्ह: बांधायची कशी, बोटं कुठली?

पेटीवाला_सातारा:

नमस्कार मंडळी. हात पेटीचा आहे, समोर आता ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो. साताऱ्यात गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम आहे. साथीला पियानो, तबला आणि जमलं तर बास गिटार. अरेंजरने कॉर्ड लिहून दिल्यात. साधी मेजर, मायनर, सेव्हन्थ वाजते. गाडी अडते ती पाचवा सूर बदललेल्या मायनर सेव्हनपाशी.

कागदावर असं लिहिलंय:

मुखडा: ए मायनर, मग तीच कॉर्ड पण खाली जी, मग एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, एफ मेजर सेव्हन, ई सेव्हन.
मुखड्याचा शेवट: बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, ई सेव्हन, ए मायनर.
अंतरा सी मेजरकडे वळतो. तिथे ई मायनर सेव्हन, लगेच ई मायनर सेव्हन शार्प फाइव्ह, आणि मग एफ.

विचारायचंय ते असं. कुठल्याही सुरावरून ही कॉर्ड झटकन कशी काढायची? एफ शार्पवर अंगठा ठेवला की मनगट आखडतं आणि मधली बोटं काळ्या पट्ट्यांत अडकतात, तर बोटं कुठली घ्यायची? डाव्या हाताने चारही सूर खाली वाजवले की नुसती घरघर ऐकू येते, ते का? आणि गायिका काळी चारमध्ये गाणार आहेत, कागद मात्र ए मायनरचा आहे.

कृष्णाकाठ_सांगली:

आधी बांधणी, कारण ती पक्की झाली की बोटांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पेटीच्या भाषेत सांगतो. मूळ सूर सा धरा. साधी मायनर सेव्हन म्हणजे सा, कोमल ग, प, कोमल नी. फ्लॅट फाइव्ह म्हणजे प अर्धा सूर खाली: सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. शार्प फाइव्ह म्हणजे प अर्धा सूर वर: सा, कोमल ग, कोमल ध, कोमल नी. म्हणजे मालकंसातून मध्यम काढून टाकला की जे उरतं ते.

काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजायचं तर मूळ सुरापासून फ्लॅट फाइव्हला ३, ६, १० आणि शार्प फाइव्हला ३, ८, १०. बी वरून ३ म्हणजे डी, ६ म्हणजे एफ, १० म्हणजे ए. बी, डी, एफ, ए, चारही पांढऱ्या. शिकायला सगळ्यात सोपी हीच, कारण एक सोडून एक पांढरी दाबली की झालं.

पेटीवाल्यांचा हात इथे एका ठिकाणी हमखास चुकतो. कोमल ग आणि तीव्र म एकत्र आले की कानात मधुवंती किंवा तोडी सुरू होते, आणि दोन्हींत नी शुद्ध आहे. बोट आपसूक शुद्ध नीवर पडतं. मग बी, डी, एफ, ए शार्प असं काहीतरी वाजतं आणि वाटतं की कागदावरच चूक आहे. कॉर्डमध्ये नी कोमलच.

दुसरी गल्लत डिमिनिश्ड सेव्हनशी. तिथे चौथा सूर अजून अर्धा खाली असतो: बी, डी, एफ, जी शार्प. ओळखायची खूण म्हणजे वरच्या दोन सुरांमधलं अंतर. एफ ते ए चार अर्धस्वर असेल तर फ्लॅट फाइव्हवाली, एफ ते जी शार्प तीन असेल तर डिमिनिश्ड. कागदावर नुसता छोटा गोल म्हणजे डिमिनिश्ड. गोलावर तिरकी रेघ म्हणजे आपली ही, जिला हाफ डिमिनिश्डही म्हणतात. काही जण सातच्या पुढे उणे पाच लिहितात, तीही हीच. झेरॉक्समध्ये ती तिरकी रेघ उडून जाते, तेव्हा शंका आली तर अरेंजरला फोन करा.

आता झटकन काढायची युक्ती. खालचा सूर झाका आणि वरचे तीन बघा: डी, एफ, ए. ही डी मायनर आहे. म्हणजे मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह = मूळ सुराच्या तीन अर्धस्वर वरची साधी मायनर, आणि बासमध्ये मूळ सूर. एफ शार्प? तीन वर ए, म्हणून ए मायनर, खाली एफ शार्प. सी? तीन वर ई फ्लॅट, म्हणून ई फ्लॅट मायनर, खाली सी. जी? बी फ्लॅट मायनर, खाली जी. बाराच्या बारा अशाच. तुम्हाला मायनर येतात म्हणजे ह्याही येतात, फक्त नाव वेगळं आहे.

लिहिताना अक्षरं नेहमी एक सोडून एक. म्हणून एफ वरची कॉर्ड एफ, ए फ्लॅट, सी फ्लॅट, ई फ्लॅट अशी लिहिलेली दिसेल. सी फ्लॅट म्हणजे दाबायची पट्टी बीचीच.

भाता_सोडला (मिरज):

वरचं सगळं बरोबर, पण मुखड्याची ओळ वाजवायला तुम्हाला एफ शार्पवर अंगठा ठेवायची गरजच नाही. कागदावर पाच कॉर्ड आहेत म्हणून हात पाच वेळा हलवू नका.

नीट बघा. ए मायनर म्हणजे ए, सी, ई. खाली जी आला तरी वर ए, सी, ई. एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह म्हणजे एफ शार्प आणि वर ए, सी, ई. एफ मेजर सेव्हन म्हणजे एफ आणि वर ए, सी, ई. चार कॉर्ड होईपर्यंत उजवा हात जागचा हलत नाही. ओळीतली सगळी गंमत बासमध्ये आहे: ए, जी, एफ शार्प, एफ, ई. ए ला सा म्हणालात तर सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असा उतरतो.

डावा हात: ए वर अंगठा आणि तिथून खाली १-२-३-४-५ (दोन्ही हातांत अंगठा १, करंगळी ५). ए ला १, जी ला २, एफ शार्पला ३, एफ ला ४, ई ला ५. पाच सूर, पाच बोटं, हात उचलायचा नाही. मधलं बोट सगळ्यात लांब आणि काळी पट्टीही त्याच्याच वाट्याला येते, म्हणून मनगट सरळ राहतं. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर डावीकडून तिसऱ्या ए पासून सुरुवात करा.

पेटीवाल्यांचा डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे ४ आणि ५ ही बोटं कच्ची असतात. एफ ला अनामिका आणि ई ला करंगळी हे दोन सूर हमखास दबके येतात, आणि नेमका ई सेव्हनवर बास पडतो. आठवडाभर नुसता डावा हात वाजवा, मेट्रोनोम ६०, प्रत्येक सुराला चार मात्रा. शेवटचे दोन सूर पहिल्या तिघांइतके ठाम येईपर्यंत उजवा हात लावूच नका.

उजवा हात: सी, ई, ए, म्हणजे ए मायनरचं पहिलं इन्व्हर्जन (सूर तेच, फक्त खालचा ए उचलून वर नेलेला), मधल्या सी पासून वर. बोटं १-२-५. ई सेव्हनला सी खाली बी वर, ए खाली जी शार्पवर, आणि ई तिथेच. बी ला १, ई ला २, जी शार्पला ४. जी शार्पवर करंगळी नको: ती आखूड, काळी पट्टी आत, म्हणजे तिच्यासाठी अख्खा पंजा पुढे ढकलावा लागतो. अनामिका आपसूक पोचते. ह्यात सेव्हन्थचा डी नाही हे खरं, पण बासमध्ये ई ठाम असेल तर ओळीला काही कमी पडत नाही. डी हवाच असेल तर बी, डी, जी शार्प घ्या, बोटं १-२-५ किंवा १-२-४, हाताच्या मापाप्रमाणे.

पेडल, म्हणजे सूर लांबवणारं. हे कुणी सांगत नाही आणि कार्यक्रमात इथेच माती होते. एफ शार्प नंतर लगेच एफ येतो. पेडल दाबलेलंच राहिलं तर दोन्ही सूर खाली एकत्र गुंजतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं वाजवणारा चुकला. नवा बास वाजला की त्याच क्षणी पेडल वर, आणि लगेच पुन्हा खाली. आधी सूर, मग पेडल. सूर आणि पेडल एकाच वेळी दाबलं तर मागच्या कॉर्डचं शेपूट नव्या कॉर्डमध्ये अडकतं.

घरघरीचं कारण साधं आहे. डावीकडून तिसरा ए ११० हर्ट्झचा, त्याच्या खालचा एफ शार्प साधारण ९२.५. फरक सतरा-अठरा हर्ट्झचा. इतक्या खाली, इतक्या जवळचे दोन सूर कानाला सुटे लागत नाहीत, नुसती थरथर लागते. एफ शार्प, ए, सी, ई ही चौकडी तिथे वाजवली म्हणजे अशा थरथरी एकावर एक तीन. डावीकडून तिसऱ्या सी च्या खाली एका वेळी एकच सूर, फार तर सप्तक. सप्तक घ्यायचं तर पांढऱ्यांना ५-१, एफ शार्पला ४-१.

पेटीवाला_सातारा:

वा! उजवा हात हलवायचाच नाही हे लक्षातच आलं नव्हतं. दोन शंका. शेवटची बी, ई, ए ची ओळ पण अशीच बसते का? आणि गायिकांना मागे तानपुरा हवा असतो, सा-प लावलेला. एफ शार्पच्या कॉर्डवर तो गोड लागतो, बी च्या कॉर्डवर काहीतरी खुपतं. कॉर्डचा प्रकार तर एकच, मग असं का?

कृष्णाकाठ_सांगली:

तानपुऱ्याचं आधी. ए सा धरला तर तानपुऱ्यात ए आणि ई. एफ शार्पच्या कॉर्डमध्ये एफ शार्प, ए, सी, ई. सा आणि प दोन्ही कॉर्डमध्येच आहेत, म्हणून तानपुरा तिला खांदा देतो. बी च्या कॉर्डमध्ये बी, डी, एफ, ए. सा आहे, प नाही, उलट प ला चिकटून कोमल ध म्हणजे एफ आहे. ई आणि एफ यांची अर्ध्या सुराची घासाघीस तुम्हाला खुपते. कॉर्डचा प्रकार एक असला तरी स्केलमध्ये ती कुठल्या सुरावर उभी आहे त्यावर तानपुऱ्याशी तिचं नातं ठरतं.

उपाय तीन. एफ हलक्या हाताने वाजवा, तो कॉर्डच्या सगळ्यात वर ठेवू नका. किंवा तानपुरा मध्यमाचा लावा, सा-म, कारण डी बी च्या कॉर्डमध्ये आहे. पण मग ई सेव्हनवर डी सतत गुंजेल (तिथे तो सेव्हन्थ आहे, चालून जातो) आणि गायिकेला पंचम मिळणार नाही, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय हे करू नका. तिसरा उपाय, ध्वनिसंयोजकाला सांगून शेवटच्या ओळीला तानपुरा थोडा खाली घ्यायचा. तुमच्या मिरजेच्या शेजाऱ्यांना हे पटणार नाही कदाचित, पण पियानोच्या कॉर्ड आणि तानपुरा सारख्याच जोरात ठेवले की दोन्ही बिघडतात.

भाता_सोडला (मिरज):

पटतं हो. मिरजेचा तानपुरा म्हणून तो कशावरही चालतो असं थोडंच आहे. जवारी (घोडीवर तार झणझणावी म्हणून घासून केलेली जागा) चांगली उघडी असेल तर उलट प जास्तच ठणकतो.

आता बी, ई, ए. हीसुद्धा जवळजवळ जागच्या जागी. डाव्या हातात आता पाच पांढरे सूर, ई ते बी. बी ला १, ई ला ५, ए ला २. अंगठा, करंगळी, तर्जनी. मुखड्यात अंगठा ए वर होता, इथे तो एक घर वर बी वर येतो. एवढीच हालचाल.

उजवा हात: बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्हसाठी फक्त डी मायनर: डी, एफ, ए, बोटं १-३-५. ई सेव्हनसाठी डी, ई, जी शार्प, बोटं १-२-४. ए मायनरसाठी सी, ई, ए, बोटं १-२-५.

बोटं अशी का, ते हात ठेवून बघा. पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना अंगठा डी वरच राहतो. एफ ला ३ होतं, ई ला २ येतं. ए ला ५ होतं, जी शार्पला ४ येतं. प्रत्येक हलणाऱ्या सुराला शेजारचं ताजं बोट, त्यामुळे पेडल नसतानाही सूर तुटत नाही. पुढे ई वरचं २ जागचं हलत नाही, जी शार्पचं ४ सुटून ए ला ५ येतं, अंगठा डी वरून सी वर घसरतो. पहिल्या कॉर्डला १-२-४ घेतलंत तर पुढे त्याच बोटांनी उडी मारावी लागते आणि प्रत्येक वेळी बारीक खंड पडतो. पेटीवर भाता चालू असतो म्हणून तो खंड जाणवत नाही. पियानोवर लगेच उघडा पडतो.

बास गिटार नसेल आणि पियानोवर एकट्यालाच भरायचं असेल तर उजव्या हातात चार सूर घ्या: बी-डी-एफ-ए, मग बी-डी-ई-जी शार्प, मग ए-सी-ई-ए. तिन्हींना १-२-३-५. इथे मधलं बोट एफ वरून ई वर सरकतं, आणि जी शार्पवर नाइलाजाने करंगळी येते, म्हणून दुसऱ्या कॉर्डला पंजा किंचित आत न्या. सगळ्यात वर जी शार्पचा ए होतो, तो स्पष्ट ऐकू यायला हवा.

आणि बी च्या कॉर्डवर नटवायच्या नादात नववा सूर म्हणून सी घालू नका. बासमधला बी आणि वरचा सी एकमेकांना खातात. रंग हवाच असेल तर ई घाला, पण मग तानपुऱ्याचं वर आलंय ते लक्षात ठेवा.

खंडाळकर_पियानो:

मूळ अवस्थेतल्या कॉर्डची बोटंही लिहून ठेवतो, कधीतरी अख्खी चौकडी लागतेच. बी, डी, एफ, ए वर:

उजवा हात. मूळ (बी-डी-एफ-ए) १-२-३-५. पहिलं इन्व्हर्जन (डी-एफ-ए-बी) १-२-४-५. दुसरं (एफ-ए-बी-डी) १-२-३-५. तिसरं (ए-बी-डी-एफ) १-२-३-५.
डावा हात. मूळ ५-३-२-१. पहिलं ५-३-२-१. दुसरं ५-३-२-१. तिसरं ५-४-२-१.

नियम एवढाच: जिथे दोन सूर शेजारी-शेजारी आलेत (इथे ए आणि बी) तिथे शेजारची बोटं, बाकी ठिकाणी एक बोट मोकळं सोडायला हरकत नाही.

एफ शार्पवर मनगट आखडतं त्याबद्दल. मूळ अवस्थेत एफ शार्प, ए, सी, ई ला १-२-३-५ च लागतात, अंगठा काळीवर चालतो. चूक अंगठ्याची नसून पंज्याच्या जागेची असते. तुम्ही पंजा पांढऱ्यांच्या काठावर ठेवून अंगठा आत खुपसता, मग मनगट बाहेर वळतं. अख्खा हात कोपरापासून झाकणाकडे न्या, अंगठ्याचं फक्त टोक एफ शार्पच्या अलीकडच्या काठावर टेकेल एवढा. मग ए वरची तर्जनी जी शार्प आणि ए शार्प यांच्या फटीत जाते, आणि तीच अडकते, कारण ए ला दोन्ही बाजूंनी काळी आहे. सी आणि ई ला एकेकच काळी शेजारी, त्यामुळे तिथे जागा आहे. तर्जनी आडवी पडली की शेजारची काळी दाबली जाते. ती थोडी उभी, वाकवून ठेवा.

ह्याहून सोयीचं दुसरं इन्व्हर्जन: सी, ई, एफ शार्प, ए, बोटं १-२-३-५. काळी पट्टी मधल्या बोटाला, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. पहिलं इन्व्हर्जन ए, सी, ई, एफ शार्प घेतलंत तर १-२-३-४ घ्या, १-२-४-५ नको. करंगळी काळीवर आणि तिच्या शेजारची अनामिका पांढरीवर ही जोडी बहुतेक हातांना बोचते.

सुटे सूर आरोहात वाजवायचे असतील (अंतऱ्याच्या आधीचा तुकडा वगैरे) तर एफ शार्पला २, ए ला १, सी ला २, ई ला ३, वरच्या एफ शार्पला ४, पुन्हा ए ला १. अंगठा दर वेळी ए वर पडतो, काळीवर कधीच नाही.

रसिका_कराड:

एक छोटी भर, ज्यांच्याकडे पियानो नसून ऑटो-रिदमवाला कीबोर्ड आहे त्यांच्यासाठी. एका बोटाच्या सोप्या पद्धतीत मशीन मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि मायनर सेव्हन्थ एवढंच देतं. फ्लॅट फाइव्ह त्यात येत नाही. पद्धत बदलून पूर्ण बोटांची निवडा आणि कॉर्ड मूळ अवस्थेतच दाबा, खाली बी ठेवून. डी-एफ-ए-बी असं उलटून दाबलं की मशीनला ती डी मायनर सिक्स्थ वाटते, कारण सूर तेच आहेत, आणि बास बी ऐवजी डी देतं. पडद्यावर कॉर्डचं नाव येतं ते बघत जा.

पेटीवाला_सातारा:

हे सगळं आज रात्री हातात घालतो. शार्प फाइव्ह राहिलं. आणि काळी चार.

कृष्णाकाठ_सांगली:

शार्प फाइव्ह. ई वरून ३, ८, १०: ई, जी, सी, डी. (कागदी हिशोबात तो सी नसून बी शार्प, पण पट्टी तीच.) झाकून बघा: सी, ई, जी म्हणजे सी मेजर, वर डी. म्हणजे ही सी मेजरच आहे, नववा सूर घातलेली आणि बासमध्ये ई ठेवलेली. झटपट सूत्र: मूळ सुराच्या चार अर्धस्वर खाली जा, तिथली मेजर घ्या, तिचा दुसरा सूर (मेजर स्केलमधला रे) जोडा, आणि बासमध्ये मूळ सूर तसाच ठेवा. सी मायनर सेव्हन शार्प फाइव्ह? चार खाली ए फ्लॅट. ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, अधिक बी फ्लॅट, खाली सी.

तुमच्या कागदावर ती ई मायनर सेव्हन नंतर येते, म्हणजे मधला पाचवा सूर बी चा सी होतो एवढीच गोष्ट. उजव्या हाताने ई-जी-बी-डी ला १-२-३-५, आणि ई-जी-सी-डी ला १-२-४-५. ई, जी, डी धरून ठेवायचे, बी वरचं मधलं बोट उठलं की सी वर अनामिका. एकच बोट बदलतं. चारही सूर परत ठोकू नका, नाहीतर तो बी-सी चा सरकता सूर ऐकूच येत नाही, आणि अरेंजरने ती कॉर्ड त्याच्यासाठीच लिहिलीय. डाव्या हाताने घ्यायची तर ई-जी-सी-डी ला ५-३-२-१, पण मधल्या सी च्या फार खाली नको.

पुढची कॉर्ड एफ. बास ई वरून एफ, अर्धा सूर वर. उजव्या हातात सी जागेवर राहतो, डी सुटतो, ई चा एफ आणि जी चा ए. म्हणजे एफ-ए-सी, बोटं १-२-४, अनामिका सी वर होती तशीच.

साधी मेजर वाटते म्हणून इथे कुणी नुसती सी मेजर वाजवली, बासमध्ये सी ठेवून, तर ओळ बसते पण चढत नाही. बासमध्ये ई हवाच. बास गिटारवाल्यालाही हे सांगून ठेवा, तो सवयीने सी वर जातो.

भाता_सोडला (मिरज):

काळी चार म्हणजे जी शार्प मायनर. कार्यक्रम तोंडावर असेल तर ट्रान्सपोज उणे एक करा (म्हणजे सगळ्या पट्ट्या अर्धा सूर खाली वाजतात) आणि ए मायनरची बोटं वाजवा; स्केल चेंजर पेटीवर करता तेच. दोन पथ्यं: बऱ्याच पियानोंवर बंद-चालू केलं की ट्रान्सपोज शून्यावर येतो, तेव्हा वीज गेली किंवा वायर निघाली तर गाणं सुरू व्हायच्या आधी पडदा बघा. आणि बास गिटारवाला 'जी शार्प' म्हणाला की तुमच्यासाठी तो ए आहे, हे तालमीतच ठरवून घ्या.

पुढे खऱ्या पट्ट्यांवर बसवायचं असेल तर मुखडा फार अवघड नाही. उजवा हात बी-डी शार्प-जी शार्प, बोटं १-२-४, जागचा हलत नाही. बास जी शार्प, एफ शार्प, एफ, ई, डी शार्प. इथे १-२-३-४-५ घेऊ नका, अंगठा आणि करंगळी दोन्ही काळ्यांवर पडतात. जी शार्पला २, एफ शार्पला ३, मग अंगठा खालून काढून एफ ला १, ई ला २, डी शार्पला ३. अंगठा एफ वर येताना कोपर बाहेर उडू देऊ नका. शेवटी डी शार्प सेव्हनला उजव्या हातात ए शार्प-डी शार्प-जी: डी शार्प तसाच, बी आणि जी शार्प अर्धा-अर्धा सूर खाली, बोटं तीच १-२-४. अंगठा आता काळीवर, पण पंजा आधीच आत असल्यामुळे त्रास होत नाही.

शेवटच्या ओळीत ए शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह येते, म्हणजे वर सी शार्प मायनर: सी शार्प, ई, जी शार्प. तिथे १-३-५ ऐवजी २-३-५ घेऊन बघा. हात लहान असेल तर तेच बरं पडतं, फक्त पुढच्या कॉर्डला सी शार्पवर अंगठा आणावा लागतो. तर्जनी दाबलेली असतानाच अंगठा खाली सरकवून बोट बदला, पट्टी सोडू नका.